घशाची वजावट

१२ जानेवारी, रविवार

आज कळलं की सरकार माझ्या घशातले दहा टक्के खातं.

रंजनीने व्हॉट्सॲपवर हिशोब पाठवला. रंजनी म्हणजे साळिग्राममच्या डबिंग स्टुडिओतली कोऑर्डिनेटर. गेल्या जूनपासून शनिवार-रविवार मी तिथे मराठी आवाज देतो. इथल्या कंपन्यांना आपला माल महाराष्ट्रात विकायचा असतो आणि चेन्नईत शुद्ध मराठी बोलणारा भरदार पुरुष मिळत नाही. मी मिळालो. आतापर्यंत पंपसेट, लुंगी, एका सिरीयलमधला हिरॉइनचा वकील काका, आणि एक बोलणारा वेट ग्राइंडर, इडलीचं पीठ वाटणारा. ग्राइंडर सगळ्यांत अवघड. लोकांना वाटतं घरघर केली की झालं. ग्राइंडरचा स्वभाव दाखवावा लागतो.

प्रत्येक पेमेंटमधून दहा टक्के टीडीएस कापलेला. मी रंजनीला विचारलं, हे कुणाच्या परवानगीने? ती म्हणाली, रूल सार.

सोमवार ते शुक्रवार इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी ब्रेकचे भाग तपासतो. क्वालिटी मॅनेजर. तिथल्या पगारातून ते कापतात, मी वीस वर्षं गप्प बसलो. पण तो पगार आहे. ही कला आहे.

संकल्प : एक पैसाही जास्त देणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

वेस्ट मांबलमला गुंडोरावांकडे गेलो. हे सीए. वय सत्तर. तंजावर मराठी. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि मराठी तेव्हा होतं तिथेच ठेवलं. मध्ये मध्ये तमिळ घालतात. ऐकायला गोड, पण सल्ला घ्यावा का याबद्दल मन साशंक.

त्यांनी सांगितलं की दहा टक्के कापले म्हणजे काम संपलं नाही. माझा पगार पाहता तीस लागतात. उरलेले वीस अजून भरायचे, तेही पंधरा मार्चच्या आत, ॲडव्हान्स.

मी म्हणालो, ॲडव्हान्स मी स्टुडिओकडूनही घेत नाही.

मग म्हणाले, धंद्याकरिता जो खर्च झाला असेल तो उत्पन्नातून वजा करता येतो. मी ताठ बसलो. कुठलाही खर्च? तर म्हणाले, धंद्याकरिताच झालेला, बिल असलेला.

बाहेर पडताना पायऱ्यांवरच सगळं डोक्यात जुळलं. खर्च वाढवला की उत्पन्न कमी. उत्पन्न कमी की कर कमी. इतकं सोपं असून लोक कर भरतात याचं नवल वाटलं. मराठी माणूस धंद्यात मागे का, याचं उत्तर आज मिळालं. तो खर्च करत नाही.

१९ जानेवारी, रविवार

खर्चाचा विचार केला. मध. ज्येष्ठमध. खडीसाखर. गुळण्यांचं मीठ. गुळण्यांचं पाणी तापवायला लागणारा गॅस. रसम (घशासाठी, चवीसाठी नाही). मफलर. चेन्नईत मफलर म्हणजे निव्वळ व्यवसाय, दुसरं कुठलंच कारण असू शकत नाही. कायदेशीरदृष्ट्या हा माझा सर्वांत भक्कम खर्च.

चित्राला सांगितलं की आजपासून किराणा माझ्या नावावर आणायचा, आणि तूरडाळीचं बिल वेगळं घ्यायचं. चित्रा माझी पत्नी, टी. नगरला बँकेत ऑफिसर आहे. तिने विचारलं, तूरडाळ कशाला? मी म्हणालो, रसम. तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. बँकेतल्या लोकांना धंद्याची दृष्टी नसते. दुसऱ्याचे पैसे मोजून मोजून धाडस जातं.

२ फेब्रुवारी, रविवार

एकूण वजावट साडेचार हजार. मिठाने काही होत नाही. मोठा विचार केला पाहिजे.

ऊर्मीला माझी असिस्टंट नेमायचं ठरवलं. मुलगी अकरावीत आहे. महिना दहा हजार, फक्त कागदावर. तिने खरे मागितले. मी म्हणालो, अगं तुझेच आहेत ते शेवटी. ती तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. तिला तमिळ जास्त येतं, मराठी फक्त माझ्यावर चिडायला वापरते. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली की जूनपासूनची थकबाकीही लागेल.

नेमणूक रद्द.

९ फेब्रुवारी, रविवार

बूथ!

आज वडपळनीला एक माणूस भेटला, तो घरात बसवायचा रेकॉर्डिंग बूथ बनवतो. लाकडी खोली, सहा बाय चार. आत फोम, दुहेरी दार, छोटी काच. एक लाख चाळीस हजार. माइक अडतीस हजार वेगळा.

म्हणजे एका फटक्यात पावणेदोन लाखांच्या वर वजावट! माझं डबिंगचं वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजार. सरकारच्या हातात काय उरलं? भोपळा.

चित्राने दोन प्रश्न विचारले. एक, बूथ ठेवणार कुठे. दोन, पैसे कुठले.

दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. एक, ऊर्मीच्या खोलीत. ती मोठी आहे. (खोली.) दोन, ऊर्मीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशातून. कॉलेजला अजून दीड वर्ष आहे, रिफंड त्याच्या कितीतरी आधी येईल. पैसे जात नाहीयेत, फिरून येतायत.

ती म्हणाली, शंभर रुपये घालवून तीस वाचवणार. मी म्हणालो, याला इन्व्हेस्टमेंट म्हणतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बूथ आला. लिफ्टमध्ये मावेना. चार जणांनी जिन्याने सहाव्या मजल्यावर चढवला. त्यांना जास्तीचे तीन हजार द्यावे लागले. मुळीच वाईट वाटलं नाही. वजावट!

ऊर्मीचं टेबल बाहेर हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला. तिचा पलंग भिंतीला टेकला, आता एकाच बाजूने उतरता येतं. ती खोलीच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. काही बोलली नाही. भव्यतेने माणूस गप्प होतो.

९ मार्च, रविवार, कुन्नूर

घशाला थंड हवेची गरज होती. दोन दिवस. धंद्याचा दौरा.

चित्रा किती वर्षांनी खूश दिसत होती. चहाच्या मळ्यातून हिंडताना तिने माझा हातही धरला. मग हॉटेलात मी बिल फक्त माझ्या नावावर, एका माणसाचं मागितलं, आणि मॅनेजरला विचारलं की त्यावर 'व्हॉइस रेस्ट' असं लिहून मिळेल का. तेव्हापासून ती फार बोलत नाही. बाल्कनीत मी गुळण्या करतानाचा फोटो काढ म्हणालो, पुरावा म्हणून, तर ऊर्मीने काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला.

सेहेचाळीस हजार. घसा उत्तम.

१५ मार्च, शनिवार

गुंडोरावांचा फोन. आज ॲडव्हान्स भरायची शेवटची तारीख. म्हणाले, थोडके तरी भरा, नाहीतर व्याज लागेल. मी त्यांना बूथचं, माइकचं, कुन्नूरचं सांगितलं. मग म्हणाले, "कर वाचवायास खर्च करू नका. शंभर खर्चिले तर तीस वाचती, सत्तर जाती. सरि?"

चित्रा यांच्याशी परस्पर बोलते की काय?

भरला नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी सकाळी सातलाच उभारली कारण मला टी. नगर गाठायचं होतं. उद्या आर्थिक वर्ष संपतं. मुहूर्ताची खरेदी आणि वजावट एकाच दिवशी येणं हा योग आहे.

रंगनाथन स्ट्रीटवर मी चाललो नाही, गर्दीने मला नेलं. तीन दुकानांनंतर हवं ते मिळालं. रेशमी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, जरीकाठाचं, आणि शर्ट, अकरा हजार. कलावंताचा पोशाख. दुकानदाराने बिलावर नाव विचारलं. उपेंद्र मोकाशी, व्हॉइस, असं लिहायला सांगितलं. त्याने 'उपेंद्र मोकाशी बॉयज' लिहिलं आणि लहान मुलांचे कपडे वरच्या मजल्यावर आहेत म्हणाला.

घरी चित्राने विचारलं, डबिंगमध्ये कपडे कुणाला दिसतात? मी म्हणालो, आवाजात दिसतात.

श्रीखंड माझ्यासाठी वाटीभर ठेवलं होतं. दोघींनी जेवून घेतलं होतं.

३१ मार्च, सोमवार

कारखान्यातून परत येताना शेवटच्या क्षणी खुर्ची घेतली. फिरती. बत्तीस हजार. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, वाकून आत गेलो. लोक देशासाठी काय काय करतात.

बूथचं वायरिंग आणि दोन महिन्यांचा किराणा धरून एकूण खर्च तीन लाख दहा हजारांच्या घरात. उत्पन्न एक ऐंशी. म्हणजे मला एक लाख तीस हजारांचा तोटा झाला आहे! हे इतक्या कमी वेळात जमेल असं वाटलं नव्हतं.

आता हा तोटा माझ्या पगारातून वजा होणार, आणि कंपनीने कापलेला कर सरकार मला परत देणार. बसल्या जागी. फिरत्या खुर्चीत.

४ मे, रविवार

घरच्या बूथमधून पहिलं रेकॉर्डिंग. पंपसेटची नवी जाहिरात.

दार लावलं की आत हवा येत नाही. एसी लावला तर त्याचा आवाज येतो. बाहेर एक्केचाळीस डिग्री. मी बनियनवर आलो, मग बनियनही काढलं. फिरती खुर्ची बूथच्या दारातून आत जाईना म्हणून उभाच होतो. एकच वाक्य होतं, 'पाणी कमी पडणार नाही'. शेवटी दार थोडं उघडं ठेवून सात वेळा म्हटलं आणि बाहेर येऊन फरशीवर आडवा झालो. चित्राने सरबत दिलं.

फाइल पाठवली. रंजनीने कळवलं की मागे कुकरची शिट्टी आहे, पोरूर सिग्नलचे हॉर्न आहेत, आणि सारचा आवाज घाबरलेला वाटतो. पुढच्या वेळेपासून स्टुडिओतच या.

घाबरलेला! पाण्याच्या जाहिरातीत आर्तता नको का?

८ जून, रविवार

ऊर्मी आवडीला, चेन्नईच्या त्या टोकाच्या उपनगरात, राहायला गेली. तिथे चित्राची बहीण प्रमोदिनी आणि तिचा नवरा विद्याधर राहतात. तो डिफेन्स फॅक्टरीत, क्वार्टर मोठं आहे, एक खोली रिकामी. बारावी सुरू झाली, हॉलमध्ये टीव्हीशेजारी अभ्यास होत नाही म्हणाली. तिथून क्लासही लोकलने जवळ पडतो.

मी म्हणालो, टीव्ही बंद ठेवू. ती म्हणाली, टीव्हीचा प्रॉब्लेम नाही, बाबा. तू हॉलमध्ये सराव करतोस. मी ग्राइंडरसमोर बसून फिजिक्स नाही करू शकत.

विद्याधर गाडी घेऊन आला होता. पुस्तकांचे खोके उचलताना त्याने बूथवर टकटक केलं आणि किती पडले विचारलं. मी म्हणालो, फुकट. वजावट. तो 'अच्छा' म्हणाला. सरकारी नोकरांना हे समजणं कठीण.

घर शांत झालं आहे. रेकॉर्डिंगला उत्तम.

१५ जून, रविवार

घर फारच शांत आहे.

१९ जुलै, शनिवार

गुंडोरावांकडे सगळी बिलं घेऊन गेलो. रिटर्न भरायचं. ते एकेक बिल उचलून बाजूला ठेवत गेले. कुन्नूर नाही. रेशमी वेष्टी नाही. तूरडाळ नाही. खुर्ची, विचार करू. माइक आणि बूथ चालतील, पण एका वर्षात सगळे नाहीत. बूथ हळूहळू झिजतो, तसे थोडे थोडे दर वर्षी. मी म्हणालो, मला झिजवायचा नाही, वजा करायचा आहे.

मग सर्वांत मोठी गोष्ट. म्हणाले, तोटा निघाला तरी तो पगारातून वजा होत नाही. धंद्याचा तोटा धंद्यातच. पुढे आठ वर्षं नेता येतो. पुढे आवाजात जास्त कमवा, त्यातून वजा करा.

मी विचारलं, म्हणजे तोटा वापरायला आधी नफा कमवायचा? ते म्हणाले, "ऐसेच असे."

हा माणूस कुठल्या शतकातला कायदा सांगतो? भाषा तीनशे वर्षांपूर्वीची, कायदाही तेव्हाचाच असणार. बिलं गोळा केली आणि उठलो. त्यांनी कॉफी मागवली होती, तीही घेतली नाही. (वास चांगला येत होता.)

संकल्प : स्वतः भरणार.

२४ ऑगस्ट, रविवार

सरकारने मुदत पंधरा सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. घाबरले.

१४ सप्टेंबर, रविवार

रिटर्न भरलं! स्वतः!

डबिंगचं सगळं उत्पन्न दाखवलं. मी चोर नाही. मग खर्च टाकला, तोटा आला, पण पोर्टल तो पगाराकडे नेईना. गुंडोरावांनी आधीच सांगून ठेवलं असावं. तासभर झगडलो. शेवटी तोटा पुसून टाकला आणि दुसरा रस्ता शोधला. पगाराच्या भागात करमाफ भत्त्यांसाठी एक रकाना दिसला. रिकामा. कंपनी मला असला कुठलाच भत्ता देत नाही. पण रिकामा रकाना म्हणजे आमंत्रण. तिथे तीन लाख दहा हजार टाकले.

पोर्टलने निमूटपणे घेतले. वर हिरव्या अक्षरांत रिफंड दाखवला, लाखाच्या आसपास.

चित्राला हाक मारली. ती आली, स्क्रीनकडे पाहिलं, म्हणाली, हे गुंडोरावांना दाखवलंस का? मी म्हणालो, त्यांच्या शतकात कंप्युटर नाही.

आवडीला फोन केला. ऊर्मीला सांगितलं की तुझे कॉलेजचे पैसे व्याजासकट येतायत, वर नवा लॅपटॉप. ती म्हणाली, ओके बाबा. फोन ठेवताना म्हणाली, तू जेवलास का?

२० ऑक्टोबर, सोमवार, दीपावली

रिफंड अजून नाही. सणामुळे असेल.

ऊर्मी दोन दिवसांसाठी आली होती. लॅपटॉपचं विचारलं नाही. मीच विषय काढला, मॉडेलही सांगितलं. ती 'हं' म्हणाली आणि आईबरोबर चकल्या तळायला गेली. तिघांत मिळून खूप चकल्या झाल्या. संध्याकाळी तिला आवडीला सोडलं. परत येताना गाडीत सराव केला नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आलं! रिफंड नव्हे, पत्र. ईमेल.

तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेला भत्ता कंपनीच्या फॉर्म सोळाशी जुळत नाही. तो काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे. सहमत असाल तर तसं कळवा, असहमत असाल तर कारण द्या. तीस दिवस.

कारण द्या! शेवटी त्यांनी विचारलंच! मी कधीपासून याची वाट पाहत होतो. आता आमनेसामने होऊ दे. ऑफिसर कुठल्याही दर्जाचा असो. माझा आवाज त्याच्यासमोर जाऊ दे एकदा.

भाषणाचा मसुदा सुरू. मराठीतून विचार, इंग्रजीतून मुद्दे, तमिळमधून शेवट.

३ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. रेशमी वेष्टी नेसलो. नुंगंबाक्कमला इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेलो. रिक्षात भाषण दोनदा म्हटलं, रिक्षावाल्याने आरसा माझ्याकडे वळवून घेतला.

गेटवरच्या माणसाने अपॉइंटमेंट विचारली. मी म्हणालो, मला त्यांनीच पत्र पाठवलं आहे. त्याने मदत कक्षाकडे पाठवलं. तिथे एक तरुण मुलगी होती, फार सभ्य. पत्र वाचलं आणि म्हणाली की याचं उत्तर ऑनलाइनच द्यायचं असतं, सार. इथे कुणी ऐकत नाही.

मी विचारलं, मग माझी फाइल ज्याच्याकडे आहे तो ऑफिसर कुठे बसतो? ती म्हणाली, हे तर कंप्युटरने पाठवलंय. सिस्टीम बंगळूरुची. समोर माणूस नसतो.

मी म्हणालो, मी बोलायला आलो आहे. ती म्हणाली, पोर्टलवर बॉक्स आहे, त्यात टाइप करा.

टाइप!

निघताना गेटवरच्या माणसाला भाषणातला शेवटचा भाग, तमिळमधला, म्हणून दाखवला. त्याने पूर्ण ऐकलं. म्हणाला, वॉइस सूपर सार, सिनेमाला आहात का?

म्हणजे मुद्दे पोचले. माणूस असता तर आज निकाल लागला असता.

९ नोव्हेंबर, रविवार

रंजनीचा फोन, तातडीचं काम. जाहिरात कसली, ते स्टुडिओत गेल्यावर कळलं. प्रामाणिक करदाता! एक गृहस्थ बाल्कनीत चहा पितो आणि म्हणतो, 'मी माझा कर वेळेवर भरतो. आनंदाने.'

शत्रूचं मीठ. पण व्यावसायिक माणूस तत्त्वं दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो. उभा राहिलो.

पहिल्या टेकनंतर डायरेक्टरने विचारलं, सार कुणावर रागावलेत? दुसऱ्यांदा म्हणाला, आता रडल्यासारखं येतंय. मग म्हणाला, फक्त 'आनंदाने' म्हणा. म्हटलं. रंजनीने काचेपलीकडे मान खाली घातली. मग पाणी दिलं, मध दिला. पुन्हा म्हटलं. डायरेक्टर म्हणाला, सार, आवाज भारी आहे, पण विश्वास बसत नाही.

वाक्य दुसऱ्याला दिलं. पुण्याच्या कुणा मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं म्हणे. कपाटात बसून. गादी लावून.

वाक्यच चुकीचं होतं. असं कुणी बोलत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गुंडोरावांकडे गेलो. सहज. रस्त्यावरून जात होतो.

त्यांनी पत्र वाचलं. मी म्हणालो, असहमत लिहायचं आहे, चांगल्या इंग्रजीत. ते म्हणाले, लिहा. पण मग कंपनीने हा भत्ता दिला असं कंपनीचं पत्र लावावं लागेल. कोण देईल?

एचआर. एचआरला मी डबिंग करतो हेच ठाऊक नाही. नेमणूक पत्रात कुठेतरी एक ओळ आहे, परवानगीशिवाय दुसरं काम नाही अशी. ती मी वाचली होती. आवाज म्हणजे काम नव्हे असं तेव्हा ठरवलं होतं.

गुंडोरावांनी एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर मी उठून आलो असतो. म्हणाले, सहमत म्हणा, उरलेला कर आणि व्याज भरा, झोप येईल. माइकची, बूथची वजावट पुढच्या वर्षीपासून मी नीट लावून देतो. मग कॉफी मागवली.

प्यायलो. बरी होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

चित्राला माहिती म्हणून सांगितलं. कबुली वगैरे नाही. परिस्थितीचा आढावा.

ती रागावली नाही. एवढंच विचारलं की ऊर्मीच्या पैशातले किती उरले. मी टक्केवारीत सांगायला लागलो. ती म्हणाली, रुपयांत सांग. सांगितलं.

मग म्हणाली की कर आणि व्याज तुझ्या दिवाळी बोनसमधून जाईल. ऊर्मीचे पैसे तू दर महिन्याला पगारातून परत टाकायचे, मी बँकेत तशी सोय करून ठेवते, आपोआप कापले जातील. मी म्हणालो, आपोआप कशाला, मी स्वतः टाकेन. ती म्हणाली, नको. कापूनच घेतलेले बरे.

मग चप्पल घातली. कुठे निघालीस विचारलं. आवडीला, म्हणाली. पोर पाच महिने मावशीकडे राहतेय.

संध्याकाळी ऊर्मी आली. खोक्यांसकट. मी खोके वर आणले, जिन्याने, लिफ्ट बंद होती. म्हणालो, बूथ विकून टाकतो, ओएलएक्सवर टाकलाय, एक माणूस अठरा हजार म्हणतोय. तिने बूथचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, पुस्तक आणि तिचा छोटा पंखा घेऊन आत बसली आणि दोन्ही दारं लावून घेतली. तासाभराने बाहेर आली ती खूश. म्हणाली, विकू नको. इथे तुझा आवाज अजिबात येत नाही, बाबा.

तांत्रिकदृष्ट्या बूथ उत्कृष्टच होता. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या शेवटची तारीख.

चित्रा बाजारात. ऊर्मी बूथमध्ये. पाऊस. पोर्टल उघडलं. कारणाच्या रकान्यात भाषण टाइप करून पाहिलं. फार लांब आहे म्हणालं. मराठीतला भाग काढला. अजून लांब. इंग्रजी मुद्दे काढले. शेवटी उरलं ते तमिळ, आणि ते मला लिहिता येत नाही.

दोन गोल होते. असहमत. सहमत. वरच्यावर बोट बराच वेळ ठेवलं.

मग खालच्यावर.

स्क्रीनवर आलं, एकदा पाठवल्यावर बदलता येणार नाही. नक्की?

मी खुर्चीतून उठलो, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणालो, 'नाही!'

अप्रतिम आला. भरदार, खालच्या पट्टीत, कुठेही कंप नाही. घरात कुणी ऐकलं नाही.

मग बसलो आणि 'येस' दाबलं.